कोळणीची टोपली आणि जगाचा कायदा

परवा सकाळी आमच्या नेहमीच्या कोळीणमावशी दारात आल्या. टोपलीत जेमतेम दोन वाटे बांगडे. मी सवयीनं म्हटलं, "मावशी, भाव फारच सांगताय हो!" तशा त्या म्हणाल्या, "बाय, मोठ्या बोटी सगळं ओढून नेतात. आमच्या होडीच्या जाळ्यात उरतं काय?"

मी शाळेत अर्धवेळ भूगोल शिकवते. सागरी हद्द मुलांकडून घोकून घेते. पण तिचा या टोपलीशी संबंध कधी जोडला नव्हता. मग जरा वाचायला घेतलं.

१९८२ साली समुद्राविषयी जागतिक करार झाला. भारतानं तो १९९५ साली स्वीकारला. किनाऱ्यापासून २०० सागरी मैलांपर्यंतच्या मासळीवर त्या त्या देशाचा हक्क ठरला. परक्या बोटींना आळा बसण्याची सोय झाली खरी; पण देशातल्या मोठ्या बोटी आणि लहान होड्या यांच्यातली वाटणी सरकारांवर सोडली गेली. एकत्र कुटुंबात दुधाचं पातेलं भरून आलं, तरी धाकट्या सुनेच्या कपात किती पडतं, ते वाढणारीच्या हातात असतं. तसंच हे!

ही उणीव भरून काढायला जून २०१४ मध्ये रोमला, संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व शेती संघटनेच्या मत्स्यसमितीनं छोट्या मच्छीमारांसाठी मार्गदर्शक तत्त्वं मान्य केली. मासळी पकडणाऱ्याबरोबरच ती सुकवणारी, विकणारी बाईसुद्धा याच व्यवसायातली, असं त्यात मानलं आहे. निर्णयाच्या बैठकीत तिलाही जागा हवी, असंही म्हटलं आहे.

या कामासाठी झटलेल्या चेन्नईच्या चंद्रिका शर्मा ८ मार्च २०१४ रोजी, ऐन महिलादिनी, मंगोलियातल्या बैठकीला निघाल्या होत्या. त्यांचं मलेशियाचं विमान बेपत्ता झालं. तीन महिन्यांनी मान्य झालेली ही तत्त्वं त्यांच्याच स्मृतीला अर्पण केली आहेत. वाचताना डोळे भरून आले.

मात्र ही तत्त्वं ऐच्छिक आहेत. मोडली तर दंड नाही. त्यांना बळ येतं ते आपल्याच कायद्यांतून. महाराष्ट्रात १९८१ चा सागरी मासेमारी नियमन कायदा आहे. पर्ससीन जाळ्यांवर २०१६ पासून निर्बंध आहेत. जून-जुलैच्या मासेमारीबंदीतून बिनयांत्रिक होड्यांना सूट आहे. नियम आहेत, ते पाळले जातात का, हाच प्रश्न!

मैत्रिणींनो, आपल्या हातात काय आहे? अगदी लहान पिल्लं, स्वस्त मिळाली तरी घेऊ नयेत. बाजारात कोळणींना ओटा, पाणी आणि डोक्यावर छप्पर मिळावं म्हणून आपल्या महिला मंडळानं नगरपालिकेकडे अर्ज करावा.

त्या दिवशी मी घासाघीस केली नाही. पुढच्या खेपेला मावशींना चहा देऊन हे सगळं सांगितलं. त्या हसल्या. म्हणाल्या, "कागदावर आलो ते बरं झालं, बाय. आता बाजारात बसायला जागा मिळू दे!"