पाळकाचे घर आणि पाळकीणबाई

वसई, गोवे किंवा मुंबईतील जुन्या कॅथलिक वस्त्या यांच्याशी ज्यांचा परिचय आहे, त्यांच्या मनात ख्रिस्ती धर्मगुरूची जी मूर्ती ठसलेली असते ती पांढऱ्या झग्यातील, अविवाहित आणि चर्चलगतच्या निवासात एकट्याने राहणाऱ्या फादरची असते. परंतु अहमदनगर (आताचे अहिल्यानगर), सोलापूर, जालना, कोल्हापूर या बाजूंच्या प्रॉटेस्टंट मंडळ्यांत आपण गेलो, तर उपासनामंदिराच्या आवारातील कौलारू घराच्या ओट्यावर मुलांच्या चपला, दोरीवर वाळत घातलेले लुगडे आणि आत शाळेचा अभ्यास घोकणारा एखादा मुलगा आपल्या दृष्टीस पडतो. तेथला धर्मगुरू गृहस्थाश्रमी असतो. त्याला पाळक म्हणतात, त्याच्या पत्नीला पाळकीणबाई म्हणतात, आणि मंडळीतील माणसे या उभयतांना सारख्याच आदराने ‘सलाम’ करतात. यांपैकी एकाची नेमणूक लेखी हुकुमाने झालेली असते, त्याला दरमहा वेतन मिळते आणि बदलीचे पत्रही त्याच्याच नावे येते. दुसरीची नेमणूक कोणी केलेली नसते आणि तिच्या कामाची नोंद कोणत्याही दप्तरात सापडत नाही, तरीही तिच्यावाचून त्या मंडळीचा कारभार आठवडाभरसुद्धा चालणार नाही, असे मी जे पाहिले आणि वाचले त्यावरून निःशंकपणे म्हणतो.

पतिपत्नींनी मिळून करावयाच्या या सेवेची परंपरा ख्रिस्ती धर्माच्या आरंभापर्यंत जाते. ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकात अक्विल्ला व प्रिस्किल्ला या राहुट्या करणाऱ्या दांपत्याचा उल्लेख येतो. करिंथ नगरात पौल त्यांच्याच घरी उतरला आणि त्यांच्याबरोबर तोच धंदा करू लागला. पुढे त्यांच्या घरी मंडळी जमू लागली, आणि अपुल्लोस नावाच्या मोठ्या वक्त्याला धर्माचा मार्ग अधिक नीट समजावून सांगण्याचे काम या दोघांनीच केले. विशेष असे की, या जोडप्याचा निर्देश होताना पुष्कळदा पत्नीचे नाव आधी येते.

पुढे पाश्चात्त्य ख्रिस्ती जगात धर्मगुरूंनी अविवाहित राहावे असा दंडक झाला आणि ही परंपरा कित्येक शतके खंडित झाली. ती ज्या एका विवाहाने ठळकपणे पुन्हा सुरू झाली तो १३ जून १५२५ रोजी जर्मनीतील विटेनबर्ग येथे झाला. वर होता मार्टिन ल्यूथर, म्हणजे एक माजी संन्यासी. वधू होती काथारीना फॉन बोरा, जी १५२३ च्या ईस्टरच्या सुमारास इतर जोगिणींबरोबर मठातून निसटून आली होती. ल्यूथर पूर्वी ज्या मठात राहत असे तोच मठ या दांपत्याला राहावयास मिळाला आणि त्या विस्तीर्ण वास्तूत काथारीनेने जो संसार मांडला तो प्रॉटेस्टंट पाळकांच्या घराचा पहिला नमुना ठरला. ल्यूथर आपल्या ग्रंथांबद्दल मोबदला घेत नसे आणि हाती येईल ते याचकाला देऊन टाकी. म्हणून बाग, मासळीचे तळे, गुरे, डुकरे, घरची बिअर आणि खाणावळीला ठेवलेले विद्यार्थी यांच्या आधारे जमाखर्चाची तोंडमिळवणी करण्याचे काम काथारीनेकडे आले. ल्यूथरची पंगतीतील संभाषणे त्याच्या शिष्यांनी टिपून ठेवली आणि ती पुढे छापली गेली, जगभर वाचली गेली. पण ती पंगत रोज ज्या बाईच्या मेहनतीवर बसत असे, तिच्या वाट्याला त्या ग्रंथात फार थोडी जागा आली.

महाराष्ट्रात हा नमुना अमेरिकन मिशनने आणला. १८१३ साली मुंबईस आलेल्या पहिल्या तुकडीत सॅम्युअल नॉट हे सपत्नीक होते, आणि १८३१ साली अहमदनगरास ठाणे झाल्यावर तेथेही बहुधा दांपत्येच येत राहिली. मिशनऱ्यांच्या बायका मुलींच्या शाळा चालवीत, औषधपाणी देत आणि भाषा शिकून घरोघर जात. त्यांचे पाहून एतद्देशीय पाळकांच्या घरांनीही हीच रीत उचलली, मात्र पगार व राहणी यांतील मोठी तफावत कायम राहून. या एतद्देशीय घरांपैकी ज्याचा आतला वृत्तांत आपल्याला सर्वांत बारकाईने ठाऊक आहे ते घर नारायण वामन टिळक आणि लक्ष्मीबाई टिळक यांचे. आणि तो वृत्तांत आपल्यापर्यंत पोहोचला याचे कारण एवढेच की, त्या घरची पाळकीणबाई मराठीतील एक श्रेष्ठ आत्मचरित्र लिहिणारी निघाली.

लक्ष्मीबाईंचे माहेर नाशिकजवळच्या जलालपूरचे. त्यांच्या वडिलांचे सोवळे इतके कडक होते की, बाजारातून आलेला जिन्नस धुतल्यावाचून घरात घेण्याची सोय नव्हती. वयाच्या अकराव्या वर्षी त्यांचे लग्न झाले, आणि पती मिळाले ते कवी, कीर्तनकार, शिक्षक, मनस्वी व कमालीचे भटके. पैसा हाती ठरत नसे आणि मुक्काम एका गावी ठरत नसे. टिळकांनी १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईस बाप्तिस्मा घेतला. त्या वार्तेने लक्ष्मीबाईंवर जो आघात झाला तो आजच्या वाचकाला नीट उमजावयाचा तर एवढे ध्यानी घेतले पाहिजे की, पती जिवंत असताना त्यांचे सहजीवन संपले होते आणि त्या काळच्या समाजात अशा बाईला कोणतेही निश्चित स्थान नव्हते. पदरी लहानगा मुलगा दत्तू होता. काही वर्षे त्या पंढरपुरास बहिणीच्या आश्रयाने राहिल्या आणि नंतर, धर्म न बदलता, पतीजवळ राहावयास आल्या. चूल वेगळी, पाणी वेगळे, पण संसार एकत्र, असे ते दिवस होते.

या काळाचे महत्त्व मला फार वाटते. टिळकांनी पत्नीवर धर्मांतराची सक्ती केली नाही. रागीटपणा त्यांच्या अंगी भरपूर होता, भांडणे रोजची होती आणि समेटही तितक्याच लवकर होत असे, परंतु या एका बाबतीत ते थांबून राहिले. लक्ष्मीबाईंनीही आपला निर्णय आपल्याच बुद्धीने घेतला. धुतल्यावाचून जिन्नस न शिवणाऱ्या घरात वाढलेल्या या बाईंना एके दिवशी असे कळून चुकले की, जातिभेद देवाने केलेला नसून माणसाने केलेला आहे, आणि त्यांनी आपल्या पतीला सांगून टाकले की, यापुढे आपण कोणाच्याही हातचे खाऊ-पिऊ. हा विचार आधी पक्का झाला आणि बाप्तिस्मा मागाहून, १९०० साली, नगर-मनमाड रस्त्यावरच्या राहुरीस झाला. ज्या घरात पाळक व पाळकीण यांनी अस्पृश्य मानलेल्या वस्त्यांतील माणसांच्या मांडीला मांडी लावून बसावयाचे, त्या घराला अगोदर स्वतःच्या स्वयंपाकघरात हा निकाल लावावा लागतो. व्याख्यानात तो कितीही वेळा लावला तरी उपयोग होत नाही.

१९०४ साली टिळकांना पाळकपदाची दीक्षा मिळाली. ते नगरच्या धर्मशिक्षणशाळेत शिकवीत, गावोगाव फिरून कीर्तने करीत आणि १९१२ पासून ‘ज्ञानोदय’ पत्राच्या मराठी भागाचे संपादन पाहत. त्यांच्या मोठेपणाचा हा तपशील कोणत्याही चरित्रकोशात मिळेल. त्याच काळात त्यांच्या घरी काय चालले होते, हे पाहावयाचे तर लक्ष्मीबाईंचे ‘स्मृतिचित्रे’ हे आत्मचरित्र वाचावे लागते. दुसऱ्यांची मुले या घरात येऊन आपल्या मुलांसारखी वाढत होती. प्लेगच्या दिवसांत लक्ष्मीबाई रोग्यांच्या उशाशी बसत होत्या. टिळक एखाद्याला जेवावयास सांगून स्वतः विसरून जात आणि पाहुणा दारात उभा राहिल्यावर घरातील पीठ किती उरले आहे हे बाईंना पाहावे लागे. १९०७ च्या जळगावच्या कविसंमेलनात गाजलेला तरुण ठोंबरे, म्हणजे आपले बालकवी, पुढे नगरास याच घरी येऊन राहिला. बालकवींच्या कवितेचा विचार करणाऱ्यांनी या घरातील त्यांच्या वास्तव्याचा विचार जरूर केला आहे. तेथे त्यांना मिळालेली माया, ताट आणि अंथरूण यांचा विचार मात्र अजून पुरेसा झालेला नाही, असे मला वाटते.

टिळकांनी पत्नीला लिहावयास-वाचावयास उत्तेजन दिले, त्यांची कविता प्रसिद्धीस आणली, त्यांना सभेत बोलावयास उभे केले. हा त्यांचा गुण निःसंशय थोर होय. पण पैशाच्या बाबतीत त्यांचा विश्वास सर्वस्वी देवावर आणि लक्ष्मीबाईंचा विश्वास देवावर असून शिवाय वाण्याच्या वहीवर नजर, अशी कामाची विभागणी अखेरपर्यंत राहिली. १९१७ साली त्यांनी मिशनचा पगार सोडला आणि साताऱ्यास ‘देवाचा दरबार’ स्थापन केला. बाप्तिस्मा घेतलेले व न घेतलेले अशा सर्व ख्रिस्तभक्तांचे ते बंधुमंडळ व्हावे, अशी त्यांची भव्य कल्पना होती. त्या भव्य कल्पनेच्या छायेत दोन वेळची भाकर शिजविण्याची जबाबदारी कोणावर पडली, हे निराळे सांगावयास नको.

आज पाळकांच्या घरातील दिनक्रम पुष्कळ बदलला असला, तरी त्याचा सांगाडा तोच आहे. बुधवारची प्रार्थनासभा, महिला मंडळ, कोणाच्या घरी उपकारस्तुती, कोणाकडे आजारपण, रविवारी शब्बाथ शाळा व मुख्य उपासना, आणि अधूनमधून विवाह व दफनविधी. शनिवारची संध्याकाळ विशेष पाहण्यासारखी असते. पाळकसाहेब आतल्या खोलीत उपदेशाची टिपणे काढीत बसलेले असतात आणि घरात आवाज होऊ नये म्हणून मुलांना बाहेर पिटाळलेले असते. दुसऱ्या दिवशी प्रभुभोजन असेल, तर काही मंडळ्यांत त्याची तयारी पाळकीणबाईच करतात: मनुका भिजवून, उकळून, पातळ फडक्यातून गाळलेला रस बाटलीत भरावयाचा, चांदीचा मुलामा दिलेला प्याला राखेने किंवा चिंचेने घासावयाचा, पांढरे कापड खळ घालून इस्त्री करावयाचे, आणि भाकरीचे तुकडे सारखे कापून झाकून ठेवावयाचे. इतक्यात दाराशी कोणी तरी येते. नवऱ्याने मारलेली एखादी बाई असते, नोकरी गेलेला एखादा तरुण असतो, किंवा भावाभावांत जमिनीचा तंटा असतो. पुरुषमाणूस साहेबांना भेटावयास थांबते. बाई मात्र सरळ स्वयंपाकघरात जाते आणि जे पाळकांपुढे तिच्या तोंडातून कधी निघाले नसते ते पाळकीणबाईंपुढे सांगून मोकळी होते. यातले कोणते पतीच्या कानी घालावयाचे आणि कोणते स्वतःच्या पोटात ठेवावयाचे, याचा विवेक तिला कोणी शिकविलेला नसतो. मंडळीतील दोन घराण्यांत वैर असेल तर दोघांकडील हळदीला सारखाच वेळ बसावयाचे, एकीकडे चहा घेतला तर दुसरीकडे नाकारावयाचा नाही, हेही तिने आपल्या अनुभवाने जाणलेले असते.

या घरातील मुलांविषयी मला मनापासून कणव वाटते. पाळकांचा मुलगा म्हणून त्याची प्रत्येक खोडी मंडळीच्या पंचांपर्यंत पोहोचते, आणि मैत्री जमते न जमते तोच बदलीचे पत्र येते.

सर्वांत बिकट प्रश्न घराचाच. पाळकाचे घर मंडळीचे असते. नेमणूक संपली की ते रिकामे करावे लागते. ल्यूथरला ही चिंता होती. १५४२ साली त्याने मृत्युपत्र करून सर्व काही काथारीनेच्या नावे लिहिले, परंतु ते तेथील कायद्याच्या चौकटीत बसत नव्हते. १५४६ साली तो वारल्यावर तिला वादाला तोंड द्यावे लागले, मग युद्धामुळे घर सोडून पळावे लागले, आणि १५५२ साली प्लेगपासून दूर जाताना झालेल्या अपघातानंतर ती टोर्गाऊ येथे मरण पावली. टिळक ९ मे १९१९ रोजी मुंबईस वारले. लक्ष्मीबाई तेव्हा पन्नाशीला आलेल्या होत्या. पगार पूर्वीच सुटलेला, आणि हाताशी होती ती ‘ख्रिस्तायन’ या महाकाव्याची अपुरी वही. टिळकांनी त्याचे आरंभीचे थोडे अध्याय लिहिले होते. उरलेले साठांहून अधिक अध्याय या बाईंनी रचले, त्याच काळात स्मृतिचित्रेही लिहिली, आणि १९३६ साली त्या वारल्या.

आता उत्तर भारत मंडळीसारख्या संस्थांत निर्वाहनिधीची काही व्यवस्था असते, स्त्रियांनाही पाळकपदाची दीक्षा मिळू शकते, आणि कित्येक पाळकीणबाई शिक्षिका किंवा परिचारिका म्हणून स्वतः मिळवत्या असतात. त्यामुळे मंडळीचे वेतन उशिरा आले तरी चूल पेटते. तरीही एप्रिल-मे महिने जवळ आले की, या घरांत बदलीची कुजबुज सुरू होते. अनुभवी पाळकीणबाई नव्याने या आश्रमात पडलेल्या मुलींना जे व्यावहारिक सल्ले देतात ते ऐकण्यासारखे असतात: मुलांचे शाळेचे दाखले आणि लसीकरणाची पत्रके एका पिशवीत वेगळी ठेवावीत, मोठे कपाट घेऊ नये, दोन लहान पेट्या घ्याव्यात, आवारात झाड लावावयाचे तर आंब्याऐवजी शेवग्याचे लावावे, म्हणजे आपण तेथे असेपर्यंत शेंगा खावयास मिळतात.