सरकारी वकिलाने मांडलेली आरोपीची बाजू

इटलीच्या आग्नेय किनाऱ्यावर, एड्रियाटिक समुद्राच्या काठी बारी हे जुने व्यापारी बंदर आहे. १९६१ साली या शहरात जन्मलेले जानरिको कारोफील्यो १९८६ मध्ये न्यायसेवेत दाखल झाले. इटलीत न्यायाधीश आणि सरकारी वकील एकाच सेवेचे सदस्य असतात. या सेवेत कारोफील्यो यांनी दीर्घकाळ सरकार पक्षाचे काम केले. बारी येथे माफिया टोळ्यांविरुद्धचे खटले त्यांच्याकडे होते. उमेदीची वर्षे गुन्हेगारांना शिक्षा व्हावी म्हणून खर्ची घातलेल्या या अधिकाऱ्याने कादंबरी लिहावयास घेतली, तेव्हा नायक मात्र बचाव पक्षाचा वकील निवडला.

२००२ साली पालेर्मोच्या सेल्लेरियो प्रकाशनाने त्यांची पहिली कादंबरी प्रसिद्ध केली. तिच्या नावाचा आशय ‘अजाण साक्षीदार’ असा सांगता येईल. समुद्रकिनाऱ्यावर फिरून माल विकणारा अब्दू हा सेनेगलचा फेरीवाला मायदेशी शिक्षक होता. नऊ वर्षांच्या एका मुलाच्या खुनाचा आरोप त्याच्यावर येतो. तो परदेशी आहे, कृष्णवर्णीय आहे आणि त्याच्या पाठीशी कोणी नाही. एक बारमालक साक्ष देतो, की त्याने अब्दूला त्या दिवशी तेथून जाताना पाहिले.

हा साक्षीदार लबाड नाही, यातच या कथेचे मर्म आहे. त्याला जे आठवते ते खरेच आहे अशी त्याची मनोमन खात्री आहे. खोटे बोलणाऱ्याला उलटतपासणीत पकडता येते. परंतु प्रामाणिकपणे चुकणाऱ्याचे काय करावे? व्यवहारातही दोन सचोटीच्या माणसांना एकच तोंडी बोलणे वेगवेगळे आठवते. तेथे वही उघडून वाद मिटवता येतो. खटल्यात मात्र अशी वही नसते आणि पणाला लागलेले असते एका माणसाचे आयुष्य.

अशी कथा इटलीत रंगू शकली, यामागे कायद्यातील एक बदल आहे. ऑक्टोबर १९८९ मध्ये तेथे नवी फौजदारी प्रक्रिया संहिता लागू झाली आणि दोन्ही पक्षांनी भर न्यायालयात साक्षीदारांची तपासणी व उलटतपासणी करण्याची पद्धत रूढ झाली. खुनासारखे गंभीर खटले दोन व्यावसायिक न्यायाधीश आणि सहा सामान्य नागरिक मिळून ऐकतात. याच संहितेत संक्षिप्त खटल्याचीही सोय आहे. आरोपीने तपासाच्या कागदपत्रांवरच निकाल मान्य केला, तर दोषी ठरल्यास शिक्षेत एक तृतीयांश सूट मिळते. २०१९ पर्यंत जन्मठेपेच्या गुन्ह्यांतही ही सोय उपलब्ध होती. निर्दोष माणसाने ही सूट पदरात पाडून घ्यावी, की जन्मठेपेचा धोका पत्करून पूर्ण सुनावणी मागावी? हा निर्णय तेव्हा कोणत्याही हिशेबापेक्षा कठीण होता.

या कादंबऱ्यांचा नायक गुइदो ग्वेर्रिएरी पराक्रमी वीर नव्हे. पत्नीपासून विभक्त झालेला, झोप हरवलेला हा वकील रात्री बारीच्या रस्त्यांवरून भटकतो. घरात टांगलेल्या पोत्यावर तो ठोसे मारतो, पुढे पुढे तर त्या पोत्याशी बोलूही लागतो. समुद्राकाठचा रस्ता, जुन्या शहरातील अरुंद गल्ल्या, पुस्तकांची दुकाने आणि दक्षिणेकडील खाणेपिणे यांनी कथेला खास इटालियन चव येते. रहस्यकथांना इटलीत ‘जाल्लो’, म्हणजे ‘पिवळे’ म्हणतात. १९२९ पासून मोंदादोरी प्रकाशनाने पिवळ्या वेष्टनात काढलेल्या मालिकेमुळे हे नाव पडले.

२००६ च्या कादंबरीत ग्वेर्रिएरीपुढे येणारा पक्षकार तरुणपणी दहशत माजवणाऱ्या फॅसिस्ट टोळक्यातला निघतो. आपल्याला नकोशा माणसालाही न्याय मिळावा का, हा प्रश्न तेथे लेखक टाळत नाही. २००८ ते २०१३ या काळात कारोफील्यो इटलीच्या सिनेटचे सदस्य होते. २०१९ मध्ये आलेली ग्वेर्रिएरीची आणखी एक कथा पुढील वर्षी प्रतिष्ठेच्या स्त्रेगा पुरस्काराच्या अंतिम फेरीत पोहोचली.

शिक्षा मागणाऱ्या बाजूला उभे राहिल्यामुळेच बहुधा कारोफील्यो यांना पुराव्यातील कच्चे दुवे इतके स्पष्ट दिसले. शंकेला जागा असेल, तर ती उघडपणे मांडली गेली पाहिजे, हे त्यांचे पुस्तक वाचताना प्रत्येक पानावर जाणवते.