दूध नको, भाकरी कमी. मग ताटात काय?

हिंगोली जिल्ह्यात खरिपात नजर जाईल तिकडे सोयाबीन दिसते. काढणी झाली की ते मोंढ्यावर जाते. घरच्या ताटात क्वचितच येते. मधुमेह असलेल्यांनी यावर विचार करायला हवा.

भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीनुसार भारतात १० कोटींहून अधिक लोकांना मधुमेह आहे. आपल्या रोजच्या उष्मांकातील सुमारे ६२ टक्के वाटा पिष्टमय पदार्थांचा असतो, असेही याच पाहणीतून पुढे आले. हा वाटा कमी केला तर साखर ताब्यात ठेवणे सोपे जाते.

‘शुगर आहे म्हणून पोळी सोडली, ज्वारी धरली,’ असे अनेक जण सांगतात. ज्वारी चांगलीच, पण ५० ग्रॅम पिठाच्या भाकरीत जवळपास ३५ ग्रॅम पिष्टमय पदार्थ असतात. तीन भाकरी खाल्ल्या की आकडा शंभरावर जातो. त्यामुळे धान्य बदलण्याइतकेच प्रमाणही महत्त्वाचे.

भाकरी कमी केल्यावर पनीर, चीज खा, असा सल्ला सर्रास मिळतो. मात्र दुधातली साखर पचवण्याची क्षमता वयाबरोबर अनेकांत घटते. दूध घेतले की त्यांना गॅस, पोटदुखी, जुलाब होतात. अशांनी उपाशी राहण्याचे कारण नाही. १०० ग्रॅम सुक्या सोयाबीनमध्ये सुमारे ३६ ग्रॅम प्रथिने असतात, तूरडाळीत २२. सोयाबीन रात्रभर भिजवून कुकरमध्ये नीट शिजवावे, कच्चे खाऊ नये. सोयाबीनच्या वड्यांची भाजी किंवा टोफूही चालतो. अर्धे ताट मेथी, अंबाडी, शेपू, दोडका अशा भाज्यांचे, पाव ताट सोयाबीन, उसळ किंवा अंड्याचे, उरलेल्या पाव ताटात एक भाकरी. सोबत जवस किंवा शेंगदाण्याची चटणी, आणि बिनसाखरेचा कोरा चहा. कॅल्शियमसाठी तीळ आणि पालेभाज्या रोज हव्यात.

दूध, अंडी, मांस यांपैकी काहीच न खाणाऱ्यांना बी-१२ जीवनसत्त्व कमी पडते. त्यात मेटफॉर्मिन दीर्घकाळ चालू असेल तर ते आणखी घटते. हातापायांना मुंग्या येत असतील तर तपासणी करून घ्यावी.

सगळ्यात मोठा धोका वेगळाच आहे. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्या चालू असताना भाकरी अचानक तोडली, तर साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते. घाम, थरथर, बोलण्यात गोंधळ ही त्याची लक्षणे. अशा वेळी तीन चमचे साखर पाण्यातून द्यावी आणि १५ मिनिटांनी पुन्हा तपासावी. रुग्ण बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही न घालता थेट दवाखाना गाठावा. डॅपाग्लिफ्लोझिनसारखी औषधे घेणाऱ्यांनी आणि मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी असा आहार स्वतःच्या मनाने सुरू करू नये.

म्हणून आधी डॉक्टरांना दाखवून औषधांचे प्रमाण ठरवून घ्यावे, मगच ताटातली भाकरी कमी करावी.