सागरी अन्नजाळ्यातील भक्ष्य म्हणून जेलीफिश

सागरी अन्नजाळ्यात जेलीफिश हा प्राणी भक्षक आणि भक्ष्य अशा दोन्ही भूमिका बजावतो. नावात मासा असला तरी तो मासा नव्हे. तो निडारिया संघातील अपृष्ठवंशी प्राणी आहे. प्लवक, माशांची अंडी व पिल्ले खाणारा भक्षक म्हणून त्याची ओळख जुनी आहे. त्याला खाणारे प्राणी मात्र थोडेच असून त्याच्या शरीरातील ऊर्जा अन्नजाळ्यात पुढे सरकत नाही, असा समज दीर्घकाळ रूढ होता. त्यामुळे जेलीफिश हे अन्नसाखळीचे बंद टोक मानले जाई. एकविसाव्या शतकातील संशोधनाने हे मत बरेचसे बदलले आहे.

जुन्या समजाची कारणे

जेलीफिशच्या शरीरात सुमारे ९५ टक्के पाणी असते. साहजिकच वजनाच्या मानाने त्यापासून मिळणारी ऊर्जा मासे किंवा कोळंबीच्या तुलनेत फारच कमी असते. शिवाय त्याच्या शुंडकांवर दंशकोशिका असतात. असे पाणचट व दाहक भक्ष्य प्राणी निवडणार नाहीत, असा तर्क केला गेला.

दुसरे कारण अभ्यासपद्धतीत दडलेले होते. प्राणी काय खातो हे पूर्वी मुख्यतः त्याच्या पोटातील अन्नावरून ठरवले जाई. माशांचे काटे आणि खेकड्यांची कवचे पोटात बराच काळ टिकतात. जेलीसारखे शरीर मात्र झपाट्याने विरघळते. चम सॅमन माशावरील एका प्रयोगात, जेलीफिशप्रमाणेच मऊ शरीराच्या टिनोफोरा संघातील प्राण्याचे पचन कोळंबीपेक्षा वीसपटीहून अधिक वेगाने झाल्याचे आढळले. म्हणजेच पोटात अवशेष न सापडणे हा ते भक्ष्य खाल्ले नसल्याचा पुरावा ठरत नाही.

नवे पुरावे

विष्ठेतील डीएनएचे विश्लेषण, ऊतींमधील स्थिर समस्थानिकांचे मापन आणि प्राण्यांच्या पाठीवर बसवलेले छोटे कॅमेरे या साधनांनी चित्र पालटले. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात काळ्या भुवईच्या अल्बट्रॉस पक्ष्यांच्या विष्ठेत जेलीफिशचा डीएनए वारंवार आढळला. त्याच वर्षी ॲडेली, मॅगेलनी, पिवळ्या डोळ्यांचा आणि छोटा या पेंग्विनच्या चार जाती जेलीसदृश प्राण्यांना टिपून खात असल्याचे कॅमेऱ्यांतून दिसले.

प्रमुख भक्षक

लेदरबॅक हे जगातील सर्वांत मोठे समुद्री कासव प्रामुख्याने जेलीफिशवर जगते. त्याच्या अन्ननलिकेत मागच्या दिशेला वळलेले काटे असतात. त्यामुळे निसरडे भक्ष्य परत बाहेर येत नाही. कॅनडातील नोव्हा स्कोशियाच्या किनाऱ्याजवळील निरीक्षणांवरून ही कासवे उन्हाळी हंगामात दररोज सरासरी ३३० किलोग्रॅम, म्हणजे स्वतःच्या वजनाच्या सुमारे ७३ टक्के जेलीफिश खातात, असा अंदाज २०१२ मध्ये मांडण्यात आला. महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर अंडी घालण्यास येणारे ऑलिव्ह रिडले कासव मिश्राहारी असून त्याच्या आहारातही जेलीफिश असतो. मोला मोला अर्थात सूर्यमासा हाही परिचित भक्षक आहे. मात्र त्याची लहान पिल्ले इतर प्राणीही मोठ्या प्रमाणावर खातात.

कमी ऊर्जेचे भक्ष्य का परवडते?

जेलीफिश अनेकदा प्रचंड थव्यांनी आढळतो आणि वेगाने पळू शकत नाही. त्यामुळे त्याला पकडण्यास श्रम थोडे लागतात व पचनासही वेळ कमी लागतो. काही भक्षक संपूर्ण शरीर न खाता जननग्रंथींसारखे अधिक पोषक भागच निवडतात. भक्ष्याचे मोल केवळ त्यातील ऊर्जेवर नव्हे, तर ती मिळवण्यासाठी होणाऱ्या खर्चावरही अवलंबून असते.

मृत जेलीफिशचे महत्त्व

मेलेले जेलीफिश समुद्रतळाशी जातात. २००२ मध्ये ओमानजवळ अरबी समुद्राच्या तळावर क्रॅम्बिओनेला ओर्सिनी या जातीच्या मृत जेलीफिशचे मोठे थर आढळले होते. नॉर्वेतील सोग्नेफ्योर्ड येथे खोल तळावर ठेवलेले मृत जेलीफिश हॅगफिश व कवचधारी प्राण्यांनी अवघ्या काही तासांत संपवले. याचा अर्थ, पृष्ठभागाजवळची ऊर्जा या मार्गाने खोल समुद्रातील जीवांपर्यंतही पोहोचते.

मानवी हस्तक्षेप आणि संवर्धन

पाण्यात तरंगणारी प्लॅस्टिकची पिशवी जेलीफिशसारखी दिसते व कासवे ती गिळतात. १८८५ ते २००७ या काळातील लेदरबॅक कासवांच्या शवविच्छेदनाच्या नोंदींपैकी सुमारे एक तृतीयांश नोंदींत प्लॅस्टिक आढळल्याचे दिसते. प्लॅस्टिकमुळे अन्नमार्ग बंद होऊन कासव दगावू शकते.

जेलीफिशची वाढ ही मासेमारी व किनारी उद्योगांना उपद्रवकारक ठरते. परंतु तिच्यावर नियंत्रणाचे उपाय योजताना तो अनेक प्राण्यांचे अन्न आहे, ही बाब विचारात घ्यावी लागते. भक्षकांची संख्या घटल्यास हे नैसर्गिक नियंत्रणही दुबळे होते. म्हणून कासवांचे संरक्षण आणि जेलीफिशच्या संख्येचा अभ्यास हे परस्परांशी जोडलेले विषय मानले जातात.