दुबईला निघालात? अनारसे आधी बाजूला काढा

काल शेजारच्या काकूंना बॅग भरायला मदत करत होतो. लेकीकडे दुबईला निघाल्यात. अनारशांचा डबा दिसला आणि मी थांबलोच.

अनारशाला खसखस लागते. ती अफूच्या बोंडातलं बी, म्हणून यूएईत न्यायला सक्त बंदी. चिमूटभरसुद्धा नाही! मग घरचा काळा मसालाही निघाला, कारण त्यातही भाजलेली खसखस. काकू जरा हिरमुसल्या. चकल्या, शंकरपाळे मात्र राहिले.

कोडीन किंवा ट्रॅमाडॉल असलेली औषधं असतील तर तिथल्या सरकारची ऑनलाइन परवानगी आधीच काढा. नुसती डॉक्टरांची चिठ्ठी पुरत नाही.

रोकड आणि सोनं मिळून ६०,००० दिरहमच्या वर गेलं, तर कस्टम्सला सांगावं लागतं.

अनारसे आमच्याकडे आले, हे ओघानं आलंच. बॅगेतल्या कशाबद्दल शंका असेल तर खाली विचारा.