चांदीचं गाव का उठलं?

महाराष्ट्रातल्या हसनाबाद परिसरात खणलं की हाती लागतो काळा बसाल्ट. सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचे हे थर चांदीच्या बाबतीत कोरडेच. सातवाहनांच्या चांदीच्या नाण्यांसाठीही धातू बाहेरूनच आला असणार.

म्हणजे इथे चांदीचं गाव वसण्याचा प्रश्नच नाही; तसं उजाड गाव पाहायचं तर राजस्थानातलं, उदयपूरजवळचं जावर गाठावं. तिथल्या डोलोमाइट खडकात शिसं आणि जस्ताची खनिजं आहेत. चांदी दडते ती मुख्यतः शिशाच्या खनिजात. वितळलेल्या शिशावर हवेचा झोत सोडला की त्याचं ऑक्साइड होतं, चांदी तशीच मागे उरते. जस्त मात्र हट्टी. ते 907 अंश सेल्सिअसला उकळतं आणि वाफ होऊन निसटतं. जावरच्या कारागिरांनी वांग्याच्या आकाराच्या मातीच्या मुशी भट्टीत उलट्या बसवून ती वाफ खाली थंड केली. मला ही युक्ती चांदीहून मोलाची वाटते.

14व्या शतकाच्या अखेरीस, राणा लाखाच्या काळात, जावर भरभराटलं. पुढे लढाया, मराठा फौजांच्या स्वाऱ्या आणि 1812-13चा दुष्काळ यांनी वस्ती मोडली. वापरलेल्या मुशी रचून बांधलेल्या घरांच्या भिंती मात्र टिकल्या. 20व्या शतकात खाणी पुन्हा सुरू झाल्या. आज तिथे शिसं-जस्ताबरोबर चांदीही मिळते.