सोन्याच्या शोधात

कौत्साला गुरुदक्षिणेसाठी चौदा कोटी सुवर्णमुद्रा हव्या होत्या. रघुराजासाठी कुबेराने आपट्याच्या झाडावर सोन्याचा वर्षाव केला, ही दसऱ्याची कथा घरोघरी सांगितली जाते. कौत्साने हवे तेवढेच घेतले, हा भाग मात्र सांगता सांगता निसटतो.

पिंपरी, चिंचवड, आकुर्डी आणि भोसरी या गावांची १९७० साली एक नगरपालिका झाली. पुढे कारखाने चाकणपर्यंत पोहोचले. आता सीमोल्लंघन करावयाचे ते कोणत्या सीमेचे? सोने बाजारातून जुडीने येते. गेल्या दसऱ्याला आमच्या घरच्या जुडीत निघाली ती सारी कांचनाची पाने!

म्हणून यंदा दसऱ्याआधी एका रविवारी आम्ही मुलांसह देहूजवळच्या भंडाऱ्याच्या डोंगराकडे निघणार आहोत. वाचकांनीही आपापली टेकडी निवडावी. दोन्ही पाने मधोमध दुभंगलेली असतात. पण आपट्याचे लहान, जाडसर आणि लांबीपेक्षा रुंदीला अधिक, तर कांचनाचे बरेच मोठे. ज्याला आपटा प्रथम दिसेल त्याने हाक द्यावी. फांदी मात्र तोडू नये. दरवर्षीच्या तोडीने ही झाडे खुरटतात. गळलेले पान वहीच्या कागदाखाली पालथे ठेवून वरून पेन्सिल फिरवली, की शिरा उमटतात. ती आकृती कापून, रंगवून मुलांनी थोरांच्या हाती द्यावी. देवापुढे एक खरे पान पुरे.

झाडाखाली वाळकी शेंग सापडली, तर ती जपून आणावी. बी रात्रभर भिजवून कुंडीत पेरावे. रोप तग धरून राहिले, तर पुढच्या आषाढात ते त्याच टेकडीवर नेता येईल.